सुई घेता, तरी कशा?

‘काकू, चाळीस वर्षांवर सुई टोचून घेता, तरी इतक्या ठणठणीत कशा हो?’ हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर आणि आठवडी बाजारात इतक्यांदा विचारला जातो की आता उत्तर एकदा लिहूनच ठेवते. माझी हरकत आहे ती त्यातल्या ‘तरी’ या शब्दाला. सुई लागली म्हणजे माणूस आटोपला, असा आमच्या वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत समज आहे. उतारवयातील मधुमेहात अनेकांना इन्सुलिनची सुई सुरू होते तेव्हा मूत्रपिंड किंवा पाय आधीच बिघडलेले असतात आणि दोष मात्र सुईच्या माथी येतो.

माझा मधुमेह लहानपणचा. १९८२ साली, तेराव्या वर्षी, माझ्या स्वादुपिंडाने इन्सुलिन तयार करणे जवळजवळ थांबवले. साठ वर्षे आधी जन्मले असते तर उपासमारीच्या पथ्यावर काही महिने काढून संपले असते. टोरांटोमध्ये ११ जानेवारी १९२२ रोजी चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसन या मधुमेही मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. ते पुरेसे शुद्ध नव्हते, म्हणून अधिक शुद्ध केलेला अर्क २३ तारखेला दिला आणि तो लागू पडला. त्याच वर्षी इन्सुलिन मिळालेली एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकी मुलगी पुढे १९८१ पर्यंत, म्हणजे वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत जगली. मी जगले ती सुई घेतल्यामुळे, एवढेच ‘तरी’ला माझे उत्तर आहे.

बाकीचे सारे हिशेबाचे काम. सुरुवातीला काचेची सिरिंज रोज उकळावी लागे. साखर तपासायची तर परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेऊन त्यात लघवीचे आठ थेंब टाकून ते तापवायचे आणि रंग पाहायचा: निळा राहिला तर ठीक, विटकरी झाला तर त्या दिवशी आईचा चेहरा उतरायचा. आता बोटाच्या एका थेंबावर आकडा कळतो. पण सिरिंजच्या बाबतीत आजही मी दुकानात दोनदा पाहते. आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांमध्ये एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट असतात आणि त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते; १०० युनिटवाल्या औषधाला नारिंगी टोपणाची. शंभराचे औषध चाळिसाच्या सिरिंजमध्ये त्याच आकड्यापर्यंत ओढले तर अडीचपट इन्सुलिन अंगात जाते.

आमच्याकडचा खरा शत्रू मे महिना आहे. एकदा ऐन उन्हाळ्यात लग्नाला जाताना बाटली पिशवीत होती आणि पिशवी दिवसभर बसच्या खिडकीजवळ तापत होती. मात्रा चुकली नाही, वेळ चुकली नाही, पण उन्हाने मारलेले इन्सुलिन पाण्यासारखेच. तिसऱ्या दिवशी उलट्या आणि खोल श्वास सुरू झाले व मला सलाईनवर ठेवावे लागले. तेव्हापासून घरात एका मोठ्या मडक्यात दुसरे लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरलेली असते, आत कोरड्या डब्यात बाटली, वरून ओले फडके. बाहेर पंचेचाळीस अंश असताना आतला तापमापक पंचविशीच्या आसपास राहतो. आपला कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे, म्हणून पावसाळ्यातील दमट हवेत ते तितके उपयोगी पडत नाही. फ्रिज असला तरी भारनियमन असतेच, आणि बर्फाच्या कप्प्याला टेकून गोठलेली बाटलीही फेकूनच द्यावी लागते.

दुसरी गोष्ट वावराची. निंदणाला किंवा कापूस वेचायला दिवसभर वाकले की साखर झपाट्याने उतरते, आणि कधी कधी त्या श्रमाचा परिणाम रात्री झोपेत जाणवतो. म्हणून पदराच्या गाठीला साखरेची पुडी असते आणि सोबतच्या बायांना मी स्पष्ट सांगून ठेवले आहे की मी असंबद्ध बोलू लागले, घामाने डबडबले, तर साखरपाणी पाजा. शुद्ध हरपली तर मात्र तोंडात काहीही घालू नका, गाडी बोलवा. लग्न जमेपर्यंत हा आजार लपवा, असे मला घरच्याच वडीलधाऱ्यांनी सांगितले होते. तो सल्ला मी ऐकला नाही, आणि माझ्या मते दीर्घायुष्याशी त्याचा संबंध कारल्याच्या रसापेक्षा अधिक आहे. (कारल्याच्या रसाने आजवर माझी एकही सुई टळलेली नाही.) तापात जेवण गेले म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही, तुरीच्या धसकटात अनवाणी शिरायचे नाही, वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा, हे मी पाळते. पोळ्याला पुरणपोळी खाते, तिचा हिशेब आधी करून.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातील एक आई तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. ‘सुई कधी बंद होईल?’ असे तिने विचारले, तेव्हा आज तरी बंद होण्यासारखी नाही, असे मी सांगितले आणि तिला मडक्यात हात घालायला लावले. आतला गारवा लागताच तिने हात लवकर बाहेर काढला नाही. जुन्या मडक्याची छिद्रे पाण्यातील क्षाराने बुजतात, म्हणून दर उन्हाळ्याआधी मी नवी जोडी घेते. यंदा कुंभाराकडे दोन जोड्या सांगितल्या आहेत.