पाण्याचा कंट्रोल

“मॅडम, चारही पानांना झोन आलाय,” असे म्हणत एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीने दोन पेट्री डिश माझ्यासमोर उताण्या ठेवल्या. झोन म्हणजे अर्काच्या भोकाभोवती जिवाणू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ. निर्गुडी, अडुळसा, करंज आणि पेरू या चार झाडांच्या पानांचा अर्क जिवाणूंना रोखतो का आणि त्यात अँटिऑक्सिडंट गुण किती, हा तिच्या प्रकल्पाचा विषय होता. पाने सावलीत वाळवून, मिक्सरमधून काढून, चाळून, सॉक्सलेट या उपकरणात मेथॅनॉल घालून अर्क काढण्यात तिचा जवळजवळ महिना गेला होता. त्यामुळे तिच्या आवाजातला आनंद मला समजत होता.

एका प्लेटवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस होता, दुसऱ्या प्लेटवर ई. कोलाय. म्युलर-हिंटन आगर या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर त्यांचा थर पसरून, कॉर्क बोररने 8 मिलिमीटरची भोके पाडून, प्रत्येक भोकात 100 मायक्रोलिटर अर्क सोडला होता. मी पट्टी लावली. पहिल्या प्लेटवर निर्गुडी 13, अडुळसा 13, करंज 12 आणि पेरू 16, ई. कोलायवर 13, 12, 13, 13. खटकला तो हा सारखेपणा. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूला बाहेरचे एक जादा आवरण असते आणि वनस्पतींचे अनेक घटक तिथेच अडतात, म्हणून ई. कोलायवरचे झोन साधारणपणे लहान यायला हवेत. शिवाय चार वेगवेगळ्या कुळांतल्या झाडांनी एकाच मापाचे वर्तुळ काढावे, हे पटण्यासारखे नव्हते.

मधल्या कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी अर्काशिवाय ठेवलेल्या, भोकाभोवती मात्र वाढ अगदी दाट होती. “यात काय घातलंस?” मी विचारले. “डिस्टिल्ड वॉटर.” “आणि अर्क कशात विरघळवलास?” ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मेथॅनॉलमध्येच, मॅडम. डीपीपीएचसाठी केलेला स्टॉक होता ना, तोच घेतला.”

चूक तिथेच होती आणि तिचा मोठा भाग माझा होता. अँटिऑक्सिडंट चाचणीत डीपीपीएच हे जांभळे द्रव्य, ज्याचा रंग अँटिऑक्सिडंट उतरवतात, तेच मेथॅनॉलमध्ये विरघळवतात, त्यामुळे अर्कही मेथॅनॉलमध्ये असला तरी काही बिघडत नाही. तो स्टॉक, म्हणजे अर्काचे साठवणीचे द्रावण, करताना मीच तिला म्हटले होते, “एकदाच जास्त करून ठेव, पुन्हा पुन्हा वजन करायला नको.” हा स्टॉक प्लेटवर चालणार नाही, हे सांगायचे माझ्याकडून राहून गेले. आगरच्या भोकात 100 मायक्रोलिटर मेथॅनॉल ओतले की तेही आजूबाजूला पसरते आणि जिवाणूंना ते मानवत नाही. पाण्याच्या कंट्रोलला त्याचा पत्ताही लागत नाही.

त्याच दुपारी जिवाणूंची संख्या ठरावीक राहावी म्हणून 0.5 मॅकफर्लंड या प्रमाणित गढूळपणाशी जुळवून नवे कल्चर घेतले आणि दोन्ही जिवाणूंच्या प्लेटवर नुसते मेथॅनॉल घातले. 37 अंशांवर रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर झोन 12 आणि 13 मिलिमीटर! म्हणजे आम्ही आदल्या दिवशी बहुतांशी मेथॅनॉलच मोजत होतो. ती प्लेट हातात धरून कितीतरी वेळ काहीच बोलली नाही.

मग अर्क सुकवून, आधी डीएमएसओ या दुसऱ्या शुद्ध द्रावकात थोडक्यात विरघळवून आणि नंतर पाण्याने पातळ करून डीएमएसओचे प्रमाण 10 टक्क्यांवर आणले. करंजाचा अर्क तरीही थोडा गढूळच राहिला, तशी नोंद करायला सांगितली. या वेळी कंट्रोलमध्येही तेच 10 टक्के डीएमएसओ होते आणि त्याभोवती झोन आला नाही. स्टॅफिलोकॉकसवर पेरूचा 14 आणि निर्गुडीचा 10 मिलिमीटर झोन उरला, तोही 8 मिलिमीटरचे भोक धरून. अडुळसा आणि करंज यांचे काहीच नाही, ई. कोलायवर तर चौघांचाही शून्य.

डीपीपीएचचा निकाल मात्र जसाच्या तसा टिकला. अंधाऱ्या कपाटातून अर्ध्या तासाने काढलेल्या नळ्यांत पेरूच्या पानांनी जांभळा रंग उतरवून फिकट पिवळा केला होता, अॅस्कॉर्बिक अॅसिडच्या नळीच्या खालोखाल. 517 नॅनोमीटरला वाचन घेताना अर्काचा स्वतःचा हिरवट रंग वजा करायला हवा, म्हणून डीपीपीएच न घातलेली अर्काची नळीही सोबत ठेवली होती. या बाबतीत ती सुरुवातीपासून काटेकोर होती, आणि नेमकी हीच शिस्त प्लेटच्या वेळी सुटली, याचे मला जास्त वाईट वाटले. अडुळशाने रंग बऱ्यापैकी उतरवला होता, पण जिवाणूंचे त्याने काहीच वाकडे केले नव्हते; रंग उतरवणे आणि जिवाणू रोखणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तिला त्या दोन तक्त्यांवरूनच उमजले.

“मॅडम, आता प्रबंधात लिहिण्यासारखं फार कमी उरलं,” ती म्हणाली. मी तिला सांगितले की नुसत्या मेथॅनॉलच्या प्लेटचा फोटो काढून निकालांच्या प्रकरणात पहिलाच घाल. तिने तो घातला, आणि त्याखाली झोनची मापेही लिहिली. जुन्या दोन प्लेट्स आम्ही त्याच संध्याकाळी 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह करून टाकून दिल्या, आणि फ्रिजमधल्या स्टॉकच्या बाटल्यांवर तिने लाल शाईने लिहिले: ‘फक्त डीपीपीएचसाठी’.