मोज्याचा कुत्रा

"आई, हा माझ्याकडे बघतच नाहीये!"

रात्री जागून शिवलेला मोज्याचा कुत्रा लेकाने सकाळी हातात घातला आणि त्याचे डोळे थेट कानांकडे पळाले. जुन्या शर्टाची दोन काळी बटणं, मोजा टेबलावर सपाट ठेवून लावलेली. हात आत गेला की मोजा ताणला जातो. सासूबाई म्हणाल्याही होत्या, "आधी हातात घाल, तोंड उघड-मीट करून बघ, मग खडूने खुणा कर." मी नुसतं हो हो केलं. (जीभ मात्र झकास जमलीये, लाल ब्लाउजपीसची.)

उसवायला कात्री उचलली तर लेकाने कुत्रा पाठीमागे लपवला. "राहू दे ना. त्याला दोन्हीकडचं दिसतं."

दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात. माझा हात आधी कात्रीकडेच का जातो?