दवबिंदू, तिसरा मजला: ऑक्टोबर ते जूनची नोंदवही

मी घरी किडे खाणारी झाडं बियांपासून वाढवतो. मागच्या हंगामात काहीच टिपून ठेवलं नव्हतं, त्यामुळे काय चुकलं ते कळायलाच मार्ग नव्हता. या वेळी वही ठेवली. जागा तीच: नागपूर, तिसरा मजला, पूर्वेची गॅलरी, आणि स्टोअररूममधल्या लोखंडी मांडणीवर २० वॅटच्या दोन एलईडी पट्ट्या.

या वर्षी चार प्रकारचं बी होतं. आपल्याकडचा दवबिंदू, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारा ड्रोसेरा बर्मानी. हे बी पुण्याच्या एका मित्राच्या घरच्या कुंडीतलं. (कासच्या पठारावरून किंवा कोकणातल्या सड्यांवरून उपटून आणलेलं काही मला नको असतं, आणि तुम्हीही घेऊ नका.) दक्षिण आफ्रिकेतला ड्रोसेरा कॅपेन्सिस. अमेरिकेतला, नळकांड्यासारख्या पानांत किडे पकडणारा सारासेनिया ल्यूकोफिला. आणि ऑनलाइन मागवलेलं, पानं सापळ्यासारखी मिटून किडे पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपचं बी, ३०० रुपयांत ४० दाणे. त्या ३०० रुपयांचं रडगाणं पुढे येईलच.

६ ऑक्टोबर

बर्मानी आणि कॅपेन्सिसची पेरणी. बर्मानीचं बी खसखशीहून कितीतरी बारीक, काळी पूडच म्हणा. पांढरा कागद मधोमध दुमडायचा, घडीत बी घ्यायचं आणि कडेवर नखानं टिचक्या मारत मिश्रणावर पाडायचं. त्याआधी पंखा बंद करायचा. मागच्या वर्षी मी पंख्याखाली पुडी उघडली होती. ते बी कुठे गेलं ते फरशी पुसणाऱ्या मावशींनाच ठाऊक. या वेळी टूथपिकनं मोजून ६२ दाणे टाकले. वरून माती अजिबात घातली नाही, याला रुजायला उजेड लागतो.

मिश्रण दोन भाग पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ), एक भाग परलाइट (हलके पांढरे खडे). पीट मॉस महाग पडतं म्हणून अर्ध्या ट्रेमध्ये कोकोपीट वापरून पाहिलं. नारळाच्या सोडणाला बऱ्याचदा खारं पाणी लागलेलं असतं, तो खार कोकोपीटमध्ये उतरतो. पहिल्या धुण्याचं पाणी पिळून मीटर बुडवला तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ६४०. सहा वेळा आरओच्या पाण्यात धुतल्यावर ७० वर आलं. एवढं पाणी आणि एवढे हात घालवल्यावर पीट मॉस स्वस्तच वाटायला लागलं. कन्हान नदीची रेतीही घालणार होतो. चाळली, धुतली आणि चमचाभर रेतीवर व्हिनेगर टाकलं, तर दोन-चार ठिकाणी बुडबुडे! म्हणजे चुनखडीचे कण. रेती परत गोणीत गेली.

ही झाडं किडे खातात ती मातीत नायट्रोजन जवळपास नसतोच म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या उपाशी जमिनीत वाढलेल्या मुळांना क्षारांची सवय नाही. आपण प्रेमानं घातलेलं शेणखत किंवा नळाचं पाणी त्यांना विषासारखं. म्हणून ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढं पाणी कायम उभं, तेही पावसाचं, आरओचं किंवा एसीतून गळणारं. माझ्याकडची टीडीएसची मोजणी: नळ २३०, आरओ ३८, एसी १२.

९ ऑक्टोबर

फ्लायट्रॅपचं बी. खरं बी काळं, चकचकीत, थेंबासारख्या आकाराचं, जेमतेम मिलिमीटरभर. माझे दाणे काळे होते पण लांबट, जरा मोठे. शंका आली, तरी म्हटलं असेल एखादी जात. ओल्या मिश्रणावर ठेवले आणि चहा प्यायला गेलो. आलो तर प्रत्येक दाण्याभोवती पांढरट जेलीचं कवच. आई मागून डोकावली. "काहून रे, सब्जा काहून पेरून राहिला कुंडीत?"

४० दाण्यांचा सब्जा, ३०० रुपये. आईनं उरलेले दाणे सरबतात घालू का म्हणून विचारलं. नवीन मंडळींसाठी सांगतो: या बियांची परीक्षा करायला पाण्याचा एक थेंब पुरे. आणि बी खरं निघालं तरी फ्लायट्रॅप पूर्ण वाढायला तीन ते पाच वर्षं घेतो, वर थंडीत काही महिने त्याला निजवावं लागतं. पहिल्याच वर्षी त्याच्या मागे लागू नका.

१० ऑक्टोबर

सारासेनियाचे १८ दाणे ओल्या टिशूत गुंडाळून झिपलॉक पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी. याला चार-एक आठवडे ओली थंडी दाखवली की चांगलं रुजतं. पिशवीवर मार्करनं लिहिलं: खाऊ नये.

२२ ते २७ ऑक्टोबर

डासांच्या अळ्या तपासायला दोन ताई आल्या, टॉर्च थेट माझ्या ट्रेवर. "हे पाणी साचवून काहून ठेवलं?" मी सांगितलं, ही झाडं किडे खातात. त्यांनी टॉर्च जवळ नेला. आत तीन अळ्या मजेत वळवळत होत्या. माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. तेव्हापासून दर चौथ्या दिवशी ट्रे रिकामा करतो, पुसतो, पुन्हा भरतो. शेजारच्या काकांपर्यंत ही बातमी पोचली, तरी ते म्हणतातच, "मच्छर खात असन त मलेही एक दे बावा."

२७ ला पहिला हिरवा ठिपका. पेरणीपासून एकविसावा दिवस. पुढच्या पंधरवड्यात बर्मानीची ४१ रोपं मोजली. कॅपेन्सिसची मोजलीच नाहीत, ती गवतासारखी येतात. कोकोपीटच्या बाजूला बर्मानी फक्त ९, उरलेली सगळी पीटच्या बाजूला.

घड्याळजीकडे असतं तसलं डोळ्याला लावायचं भिंग इतवारीतून आणलं होतं. त्यातून पाहिलं तर दोन बीजपत्रांनंतरचं पहिलंच पान चिकट केसांसह हजर! टाचणीच्या डोक्याहून लहान रोप, पण प्रत्येक केसाच्या टोकाला थेंब. जन्मतःच शिकारी.

नोव्हेंबर, डिसेंबर

फार लिहिण्यासारखं नाही. सारासेनिया १२ नोव्हेंबरला फ्रिजबाहेर काढला, डिसेंबरच्या मध्यापर्यंत ७ रुजले. याचंही पहिलं खरं पान इवलंसं नळकांडंच असतं. एका कोपऱ्यात रोपं आडवी पडायला लागली. ती मातीसकट काढून टाकली, झाकण अर्धं उघडलं, वर दालचिनीची पूड भुरभुरली. दालचिनीनं थांबलं की झाकण उघडल्यानं, सांगता येणार नाही. माझा कौल झाकणाला.

थंडीची धास्ती होती. नागपूरला ऊन फार म्हणून सगळे सांगतात, पण २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर गेला होता, हे मी विसरलेलो नाही. या वर्षी गॅलरीत ९ च्या खाली काही गेलं नाही. कॅपेन्सिसला ती हवा मानवली, पानांना लालसर झाक आली. बर्मानी मात्र गारठ्यात बसूनच राहिला, वाढ जवळपास बंद. त्याला आत दिव्याखाली हलवला.

१४ जानेवारी

संक्रांत. घरात पेरू होते, पेरूवर चिलटं. एक चिमट्यात धरून बर्मानीच्या पानावर ठेवलं.

रोप तोवर दीड सेंटिमीटर, रुपयाच्या नाण्याहून लहान चकती. पानाच्या मधले केस आखूड आणि चिकट, कडेचे लांब, त्यांच्या टोकाला गोल थेंब नसतो. चिलटाचा पाय कडेच्या केसाला लागला. मी मनात आकडे मोजत होतो. सातपर्यंत काहीच नाही, मग तो केस उठला आणि सरळ आत पलटला, चिलटाला मधल्या डिंकात ढकलून मोकळा. पाठोपाठ शेजारचे दोन. कॅपेन्सिसला पान दुमडायला तास जातात. इथे सगळा खेळ काही सेकंदांचा. पुढे पान हळूहळू मिटत गेलं. चार दिवसांनी उघडलं तेव्हा पंख आणि रिकामं कवच शिल्लक होतं. तीळगूळ द्यायला आलेल्या बहिणीला दाखवायला गेलो, ती म्हणाली, "सणासुदीला हे काय काढलंस!"

चिलटं रोज मिळत नाहीत, म्हणून माशांचं खाणं कुटून टूथपिकच्या ओल्या टोकावर एक कण द्यायला लागलो. ते पचतं. पण माझा हात सैल. २० जानेवारीला कणाऐवजी चिमूट पडली, दोन दिवसांत पांढरी बुरशी आली, पानं काळी पडली आणि सहा रोपं गेली. पोळीच्या कणाएवढंसुद्धा जास्त होतं, मोहरीच्या दाण्याचा दहावा भाग धरा.

फेब्रुवारी, मार्च

बर्मानीला ९ फेब्रुवारीला पहिला दांडा आला. फूल पांढरं, सकाळी थोडा वेळ उघडतं, ऑफिसला निघालो की पाहायचं राहिलंच. मधमाशी लागत नाही, स्वतःच्याच परागांवर बी धरतं. मार्चमध्ये दांडे वाळले तसे कागदात झटकून घेतले, दोन पुड्या भरल्या. झटकताना काही इकडेतिकडे सांडलं.

दांडा वाळला की रोपही मलूल होतं. गेल्या वर्षी मी घाबरून सावली केली, फवारे मारले, औषधं शोधली. उगाच. बर्मानी बहुतेक एका हंगामाचंच झाड. पाऊस सरता सरता मोठं व्हायचं, बी टाकायचं आणि उन्हाळाभर बी होऊन पडून राहायचं. जिथे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश नोंदले गेले, त्या गावात याहून शहाणपणाचा बेत दुसरा नाही. बी कोरड्या पुडीत, पुडी बरणीत, बरणी फ्रिजमध्ये. रोपं वाचवायचा खटाटोप या वर्षी मी केलाच नाही.

एप्रिल

इथे घोळ झाला. बहुवर्षायू कॅपेन्सिस उन्हाळ्यात जगवायचेच होते. कूलर सुरू झाला, तसे ते कूलरच्या खोलीत नेले. गार दमट हवा मिळेल या हिशेबानं. पण वाऱ्याच्या झोतात पानांवरचा चीक सुकतो, हे दोन दिवसांतच दिसलं. ट्रे झोताबाहेर काढला. ते निस्तरलं.

खरा घात बादलीनं केला. एसीचं पाणी निळ्या बादलीत. कूलरची टाकी धुताना उपसलेलं पाणी, तेही निळ्या बादलीत, शेजारीच, कारण मला वाटलं कुंड्यांना होईल. दहा दिवस मी बर्‍याच वेळा चुकीच्या बादलीतून पाणी दिलं. पानांची टोकं तपकिरी, थेंब गायब, तरी मी उन्हाला दोष देत बसलो. शेवटी मीटर बुडवला: ८६०. कूलर पाणी उडवतो, क्षार मागे ठेवतो, आपण वरून पुन्हा नळाचं पाणी ओततो; तीन-चार दिवसांत टाकीत काढाच तयार होतो. वाळ्याच्या ताटीवर पांढरी पुटं बसलेली रोज पाहतो, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

कुंड्या एसीच्या पाण्यानं वरून पाच-सहा वेळा धुऊन काढल्या. नऊपैकी दोन कॅपेन्सिस मुळापासून पुन्हा फुटले. एसीच्या बादलीला आता लाल दोरी बांधली आहे.

मे

नवतपा, मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस. सारासेनिया चार उरले, नळकांडी बोटाच्या पेराएवढी. यांना ऊन हवंच, म्हणून सकाळचं साडेनऊपर्यंतचं देतो, मग हिरव्या नेटखाली. कुंडीचं बूड पाण्यात असल्यानं मुळं तगून आहेत. दोन कॅपेन्सिस एसीच्या खोलीत, घरातल्यांची कुरकुर झेलत.

१९ जून

पहिला दमदार पाऊस. गच्चीवर पिंप लावून ४० लिटर धरलं, टीडीएस ९. फ्रिजमधली बर्मानीची एक पुडी ऑक्टोबरला, दुसरी जुलैच्या शेवटी गॅलरीत उघड्यावर पेरणार.

सारासेनियाच्या कुंडीत पाणी घालताना कडेला काहीतरी चमकलं. शेवाळ असेल म्हणून नखानं खरवडणारच होतो, आधी भिंग लावलं. दोन पानं, केसांच्या टोकांना थेंब. आजूबाजूला आणखी पाच. मार्चमध्ये पुडी झटकताना सांडलं होतं, तेच.