आयरिश पोलीस पूर्वज शोधायला निघताय? आधी रजिस्टर बघा, मग क्लेअर

पूर्वज आयरिश पोलिसात असेल, तर पैसे घेऊन वंशावळ काढून देणाऱ्याच्या दारात जाऊ नका. आधी एक नियम पाठ करा: रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या, म्हणजे आयर्लंडच्या जुन्या पोलीस दलाच्या, शिपायाला स्वतःच्या काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) नेमणूक मिळत नसे, आणि बायकोच्या माहेरच्या काउंटीतही नाही.

सासूबाईंचे आजोबा क्लेअर काउंटीत याच पोलीस दलात नोकरीला होते, थडगंही तिथलंच, म्हणून घरात सगळे त्यांना क्लेअरचेच समजत. आमच्याकडून २४० युरो घेणाऱ्याने तोच धागा पकडला आणि त्याच नावाच्या क्लेअरमधल्या कुठल्यातरी बाळाची बाप्तिस्म्याची नोंद जाड कागदावर छापून हातात ठेवली. क्लेअरमध्ये जन्मलेला शिपाई क्लेअरच्या बराकीत (पोलीस ठाण्यात) नेमलाच जात नसे! ज्याला हे ठाऊक नाही, त्याने असे पैसे घेऊ नयेत.

दलाची मूळ नोकरी-रजिस्टरं लंडनच्या क्यू भागातल्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, एचओ १८४ या मालिकेत, १८१६ पासून १९२२ मध्ये दल बरखास्त होईपर्यंतची. त्यासाठी लंडनचं तिकीट काढू नका. डब्लिनला बिशप स्ट्रीटवरच्या आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये त्यांच्या मायक्रोफिल्म आहेत. फक्त डब्लिन शहराचं पोलीस दल वेगळं होतं, त्यातला माणूस या रजिस्टरांत सापडणार नाही.

एका शिपायाची अख्खी नोकरी एका ओळीत मावते: नंबर, वय, फूट-इंचांत उंची, धर्म, जन्माची काउंटी, आधीचा धंदा, शिफारस कोणाची, लग्नाची तारीख, बायकोची काउंटी, मग बदल्या, बक्षिसं, शिक्षा, पेन्शन. बायकोचं नाव मात्र नाही. आजोबांच्या ओळीत जन्माची काउंटी होती रॉसकॉमन, बायकोची लिमरिक. सासूबाईंनी ती ओळ मला पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचायला लावली.

तिथून पुढे सगळं फुकट. लग्न बहुधा मुलीच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) होई, म्हणून लिमरिकमध्ये त्या तारखेचा दाखला सरकारी संकेतस्थळावर शोधला (कॅथलिक लग्नांची सरकारी नोंद १८६४ पासून आहे). त्यात नवऱ्या मुलाच्या वडिलांचं नाव आणि धंदा असतो. ते नाव घेऊन आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने ऑनलाइन ठेवलेल्या रॉसकॉमनच्या चर्च-नोंदी चाळल्या आणि बाप्तिस्मा सापडला. त्या रात्री मला झोप आली नाही.

१९०१ आणि १९११ ची जनगणनाही ऑनलाइन आहे, पण बराकीच्या फॉर्मवर शिपायांची फक्त आद्याक्षरं मिळतात. वय, धर्म आणि जन्माची काउंटी रजिस्टरशी ताडून बघा. बायको बहुधा मुलांसह वेगळ्या घरात, आणि तिथे नवऱ्याची जागा रिकामी. त्याआधीच्या जनगणना शोधण्यात वेळ घालवू नका: १८२१ ते १८५१ च्या जवळजवळ सगळ्या १९२२ च्या जूनअखेरीस डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीला लागलेल्या आगीत गेल्या, १८६१ ते १८९१ च्या सरकारनेच नष्ट केल्या.

आता क्लेअर. डब्लिनहून क्लेअरमधल्या एनिस गावापर्यंत ट्रेन ठीक आहे. त्यापुढे गाडी नसेल तर जाऊच नका. बस मोजक्याच, आणि गावापासून जुन्या बराकीकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटपाथ नाही. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं, वळणावर समोरून ट्रॅक्टर आला की ब्लॅकबेरीच्या काट्यांत अंग घालायचं. पाऊस आडवा लागतो, छत्री निरुपयोगी. शेवटच्या शेतात चिखल घोट्याच्या वर होता. गमबूट हवेतच, ट्रेकिंगच्या बुटांचा तिथे निभाव लागत नाही. निघण्याआधी पंचवीस इंची (एका मैलाला पंचवीस इंच) जुना सर्व्हे नकाशा ऑनलाइन बघा, त्यावर बराकी नावानिशी दाखवलेल्या आहेत. गावात विचारून काही कळणार नाही, कारण १९२० मध्ये अशा शेकडो रिकाम्या बराकी जाळल्या गेल्या. आम्हाला दिसली ती एक भिंत आणि चुलीचं धुरांडं. हात लावला, काळं लागलं.

रॉसकॉमन सोपं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. क्लेअरच्या दफनभूमीत मात्र संध्याकाळी जाऊ नका. फाटक बंद असतं, किल्ली शेजारच्या घरी असते, आणि त्या घरचे लोक दूध काढायला गोठ्यात गेलेले असतात. सकाळी जा.