गोवंडीची पाणीवही : माझा अनुभव

पत्रकारितेच्या एम.ए.ला आम्हाला लोककेंद्री पत्रकारितेचा प्रकल्प होता. १९९२च्या अमेरिकी निवडणुकीत 'शार्लट ऑब्झर्व्हर' या दैनिकाने उमेदवारांना विचारायचे प्रश्न वाचकांकडून घेतले होते, ते उदाहरण सरांनी समोर ठेवलं. आमच्या गटाच्या वाट्याला गोवंडी आली.

गोवंडी म्हटलं की बातमीत देवनारचं डम्पिंग ग्राउंडच येतं. १९२७पासून मुंबईचा कचरा तिथे पडतोय आणि २०१६च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धूर दूरवर पसरला होता. पण आमचा नियम ठरलेला होता : पहिल्या बैठकीत विषय आपण काढायचा नाही. अंगणवाडीच्या खोलीत बायका जमल्या आणि बोलणं पाण्यावरून हललंच नाही. "सुबह कॅन नहीं आया तो लड़की स्कूल नहीं जाती. वो लिखो," एक खाला म्हणाल्या.

मग वही सुरू झाली. पाणी कधी आलं, किती कॅन विकत घेतले, काय भावाने, आणि आणायला कोण गेलं, एवढंच त्यात लिहायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या मुली लिहीत. शेवटचा रकाना आम्हाला सुचलेला नव्हता, तो बायकांनीच घालायला लावला. बातमीचा कणा पुढे तोच ठरला, कारण त्यात बहुतेक ठिकाणी शाळेत जाणाऱ्या मुलींचीच नोंद होती.

कायद्याची बाजू आम्ही शोधली. १ जानेवारी २०००नंतरच्या झोपड्यांना पाणी नाही, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१४ला मोडून काढली. घर अनधिकृत असलं तरी पाण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात येतो, असं न्यायालयाने सांगितलं. बैठकीत हे वाचून दाखवल्यावर बराच वेळ प्रश्न येत राहिले. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आम्ही तिथेच, त्यांच्याच प्रश्नांवरून लिहिला आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला.

खरी ओढाताण मजकुरावरून झाली. छापण्याआधी आम्ही तो गल्लीत वाचून दाखवला. पाणी विकणाऱ्याचं नाव काढा, असं एका ताईंनी सांगितलं, कारण उद्या त्याच्याकडूनच कॅन घ्यायचा होता. गटातल्या दोघांचं म्हणणं, नाव काढलं तर बातमीत उरतं काय? मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. आम्ही बातमी देऊन घरी जातो, परिणाम मात्र त्या गल्लीला भोगावा लागतो. शिवाय वाचकाला एका माणसाचं नाव कळून काय मिळणार होतं? नळ का नाही, विकतच्या पाण्यावर घरातला किती पैसा जातो, हे कळायला हवं होतं. शेवटी नाव आणि गल्लीची खूण काढली. भाव, वेळा आणि वहीतल्या नोंदी तशाच ठेवल्या.

अंक भित्तिपत्रकाच्या रूपात मराठी, हिंदी आणि उर्दूत काढला. उर्दू मजकूर मदरशात शिकणाऱ्या एका मुलाने सुंदर अक्षरात लिहून दिला. लोक थांबून वाचत आणि चुकाही सांगत : अमक्या दिवशी पाणी आलंच नव्हतं, दुरुस्त करा. त्या दुरुस्त्या तिथल्या तिथे पेनाने केल्या.

पुढचा अंक सार्वजनिक शौचालयावर काढायचं बायकांनी ठरवलंय. आत जायचे पैसे कोण घेतं, रात्री दिवा असतो का, कडी लागते का, याची वही दोन मुलींनी आखून ठेवली आहे. ती आता आमच्यामागच्या तुकडीकडे जाईल.