सेट करण्याआधीचा आकडा

मंगळवार

जुनी मोटार शिकायला आलेल्याच्या हातात पहिल्यांदा काय द्यावं, याबद्दल प्रत्येक मिस्त्रीचं मत वेगळं. कुणी प्लग घासायला देतो, कुणी नुसते पाने पुसायला लावतो. माझं मत आता पक्कं झालंय. फीलर गेज (ठराविक जाडीच्या पात्यांचं फट मोजायचं साधन) आणि वही, दोन्ही एकदमच द्यावं, आणि सुरुवात टॅपेटपासून, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली गॅप बसवण्यापासून करावी.

त्यासाठी बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीचं ए-सीरीज इंजिन फार चांगलं. 1951 मध्ये ऑस्टिन ए30 बरोबर आलं आणि शेवटच्या मिनीपर्यंत, म्हणजे 2000 पर्यंत बनत राहिलं. आजोबा, मुलगी आणि नातू अशा तिघांनी एकाच तऱ्हेचं रॉकर कव्हर उघडलेलं असू शकतं. आठ व्हॉल्व्ह एका ओळीत, आणि नऊचा नियम: जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय त्याचा नंबर नवातून वजा करायचा, येईल तो सेट करायचा. आठवा उघडा असेल तर पहिला, सहावा उघडा असेल तर तिसरा. प्लग काढून ठेवले की इंजिन हाताने सहज फिरतं. गॅप बहुतेक ए-सीरीजला थंड इंजिनवर 0.30 मिमी, म्हणजे बारा थाऊ (इंचाचे हजारावे भाग). तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल आधी पाहावं.

लॉकनट सैल करायचा, स्क्रू फिरवायचा, पातं सरकवताना हलकी ओढ लागली की स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा. मग परत तपासायचं, कारण नट आवळताना स्क्रू थोडासा फिरतोच. आता ‘हलकी ओढ’ म्हणजे किती? मुरलेल्या हाताला ती सांगता येत नाही आणि नवख्याला कळत नाही. म्हणून ती आकड्यात बसवावी: 0.28 चं पातं मोकळं जायला हवं, 0.30 चं घासत जायला हवं, 0.33 चं जाताच कामा नये. ही तीन पाती एकापाठोपाठ लावली की ओढ म्हणजे काय ते पहिल्याच दिवशी बोटांना समजतं.

वही लागते ती इथे. सेट केल्यानंतरचा आकडा लिहिण्यात काही अर्थ नाही, तो सगळ्यांचा सारखाच. लिहायचा तो सेट करण्याआधी सापडलेला आकडा, आठही व्हॉल्व्हचा, शेजारी किलोमीटर. जुन्या मिस्त्रींनी हजारो टॅपेट अचूक बसवले, पण आधी किती होतं ते बहुतेकांनी कुठेच लिहून ठेवलं नाही. गाडीचा खरा इतिहास त्याच आकड्यात असतो, आणि पुढच्या पिढीच्या हाती तो येत नाही याची मला मनापासून हळहळ वाटते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचंच घ्या. पेट्रोलमध्ये शिसं होतं तेव्हा त्याचा थर बिडाच्या मऊ सीटला (व्हॉल्व्ह मिटताना जिथे टेकतो त्या कडेला) सांभाळायचा. रस्त्यावरच्या गाड्यांसाठीचं शिशाचं पेट्रोल जगात शेवटी अल्जीरियात 2021 मध्ये बंद झालं. आता अशी गाडी सतत जोरात आणि भार घेऊन पळवली की सीट ठोकली जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत रुतत जातो, त्याची दांडी रॉकरकडे वर येते आणि गॅप कमी होत जाते. 0.30 चे 0.25, मग 0.20. आवाज वाढत नाही, उलट इंजिन शांत वाटायला लागतं. एक दिवस गॅपच उरत नाही, व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कडेने जळतो. टॅपेटची टिकटिक ऐकून कामाला लागणाऱ्या कानाला हे कळायचा मार्गच नाही. वहीत मात्र तीन सर्व्हिसिंगचे आकडे एकाखाली एक असले की शिकाऊसुद्धा बोट ठेवून सांगेल की चौथ्याची सीट बसत चाललीय, हेड उतरवून कडक इन्सर्ट टाकायची वेळ आली.

एक फसगत इथेच सांगून ठेवावी. रॉकरचं टोक घासून त्यात खळगा पडलेला असतो. फीलरचं सपाट पातं त्या खळग्यावरून पुलासारखं जातं, म्हणून पातं 0.30 सांगतं तेव्हा खरी गॅप जास्त असते. आठपैकी एखादाच टॅपेट सेट करूनही वाजत राहिला, तर स्क्रूशी खेळत बसू नये. रॉकर काढून टोक उजेडात आडवं धरून पाहावं.

गुरुवार

पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला करंट जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्ट ब्रेकर. बॅटरी, कॉइल आणि कॉन्टॅक्ट ब्रेकरची ही व्यवस्था चार्ल्स केटरिंगची. 1912 च्या कॅडिलॅकपासून ती मूळ कल्पना न बदलता कित्येक दशकं चालली. तिला एरर कोड नाही. स्कॅनर लावून शिकलेल्या पोरांना सुरुवातीला हेच जड जातं. पण उघडून समोर ठेवलं की त्यांनाच ती सगळ्यात लवकर कळते, कारण सगळं डोळ्यांना दिसतं. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आला की पॉइंट उघडतो, कॉइलचा करंट तुटतो, त्याच क्षणी ठिणगी पडते.

गॅप ल्युकास कंपनीच्या बऱ्याच डिस्ट्रिब्युटरवर 0.35 ते 0.40 मिमी. नव्या पॉइंटवर फीलर पुरतो. जुन्यावर तो खोटं बोलतो, कारण एका टोकावर धातू साचून टेंगूळ येतं आणि समोरच्यात खड्डा पडतो. पातं टेंगळावर टेकतं, खरी गॅप त्याहून मोठी असते. म्हणून वापरलेल्या पॉइंटला ड्वेल मीटर लावावा. ड्वेल म्हणजे पॉइंट किती अंश मिटलेला राहतो ते. चार सिलिंडरच्या ल्युकास 25डी ला साधारण 60 अंश. या एका ठिकाणी मीटरवाल्या पिढीचं म्हणणं हातवाल्या पिढीने बिनशर्त मान्य करावं असं मला वाटतं.

ड्वेल कळला की कामाचा क्रमही कळतो. पॉइंटची गॅप कमी झाली की तो उशिरा उघडतो, म्हणजे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे जातं. ड्वेल एक अंश वाढला तर क्रँकवर टायमिंग जवळपास एक अंश मागे पडतं. म्हणून आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग, आणि कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडला की माणूस दिवसभर गोल फिरतो. नेहमीचं उदाहरण असं: कॅमवर ग्रीसचा हलका हात द्यायचा राहतो, पॉइंटची फायबरची टाच झिजते, गॅप मिटत जाते, टायमिंग मागे पडून गाडी ओढत नाही आणि तापते. मालक म्हणतो, कार्ब्युरेटर बिघडलाय. मग बिचाऱ्या कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवले जातात आणि एकाचे दोन दोष होतात.

टायमिंगसाठी स्ट्रोब (लुकलुकणारा टायमिंगचा दिवा) नसला तरी अडत नाही. कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलपासून अर्थपर्यंत (गाडीच्या उघड्या लोखंडापर्यंत) एक छोटा बल्ब लावायचा आणि इग्निशन चालू करायचं. पॉइंट मिटलेला असेपर्यंत बल्ब विझलेला, उघडला की पेटतो. पुली इंजिनच्या फिरण्याच्या दिशेनेच हळूहळू फिरवत टायमिंगच्या खुणेवर आणायची; बल्ब नेमका तिथेच पेटायला हवा. खूण ओलांडून गेली तर तेवढीच मागे आणून थांबायचं नाही. चांगलं पाव वळण मागे जाऊन परत पुढून यायचं, नाहीतर टायमिंग चेन आणि डिस्ट्रिब्युटरच्या ड्राइव्हमधली ढिलाई चुकीचा आकडा देते.

पॉइंट लवकर काळे पडत असतील आणि उघडताना मोठी ठिणगी दिसत असेल तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. तो गरम झाल्यावरच दगा देतो, थंड इंजिनवर सगळं ठीक दिसतं. काढलेला जुना कंडेन्सर चांगला असेल तर फेकू नये, चिठ्ठी लावून डिकीत ठेवावा.

शनिवार

एसयू कार्ब्युरेटर. शिकवायला यासारखं दुसरं यंत्र नाही, कारण तो बोलतो. कार्ब्युरेटरमधला पिस्टन बोटाने वर उचलून सोडला की खाली टेकताना ‘टक्’ असा धातूचा स्पष्ट आवाज यायला हवा. आला नाही तर जेट (पेट्रोल येतं ती नळी) मध्यभागी नाही किंवा नीडल (जेटमध्ये शिरणारी पिस्टनची सुई) वाकलीय, आणि ते दुरुस्त होईपर्यंत मिक्श्चरला हात लावू नये. डॅम्परमधलं ऑइल आटलेलं असेल तर ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर इंजिन गचके खातं. तिथे वीस ग्रेडचं पातळ ऑइल पुरतं.

मिक्श्चर बघायला इंजिन पूर्ण गरम हवं. पिस्टन जेमतेम 0.8 मिमी उचलायचा, त्यासाठी खाली पिन दिलेलीच असते. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन बसायला लागलं तर कमी आहे. क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर. जेटचा षटकोनी नट खाली उतरवला की पेट्रोल वाढतं, वर चढवला की कमी होतं, आणि एका वेळी एकच पैलू फिरवायचा. अगदी पहिल्यापासून बसवायचं असेल तर नट पूर्ण वर नेऊन बारा पैलू खाली, म्हणजे दोन फेरे, ही सुरुवात. इथेही आधी मोजून ठेवावं: नट पूर्ण वर जायला किती पैलू लागले? तो आकडा वहीत.

रविवार

ब्रेक. बाकी सगळीकडे शिकणाऱ्याला चुकू द्यावं, इथे नाही. जुन्या गाड्यांत बहुधा एकच सर्किट असतं. एक सील फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो.

इथे जुन्या हातांनी एक सवय सोडायलाच हवी. ड्रम उघडून हवेच्या पाइपने धूळ उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो आणि तो फुप्फुसात जातो. ओल्या फडक्याने पुसावं, फडकं पिशवीत बांधून टाकावं. आपल्याआधीच्यांनी ही धूळ वर्षानुवर्षं श्वासातून घेतली, तेव्हा ‘आम्हाला काही झालं नाही’ हे वाक्य शिकणाऱ्यासमोर उच्चारू नये.

व्हील सिलिंडरच्या बोअरमध्ये सील जिथून सरकतो तिथे गंजाचा खड्डा नखाला लागला तर तो सिलिंडर बाद. होन करून, म्हणजे आतून घासून, वेळ मारून नेऊ नये. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल असलेल्या सिस्टिमच्या रबराला साधं ग्रीस लावायचं नाही, त्याने सील फुगतात. रबरासाठीचं लाल ग्रीस वेगळं मिळतं. एअर काढण्याआधी शू ॲडजस्ट करावेत: चाक अडेपर्यंत आवळायचं, पेडल दाबून शू मध्यावर आणायचे, परत आवळायचं, मग चाक मोकळं फिरेपर्यंतच मागे घ्यायचं. हे न करता एअर काढत बसलं तर पेडल खालीच जात राहतं आणि दोष मास्टर सिलिंडरवर ढकलला जातो.

पेडल सोडल्यावर एकच चाक धरून राहत असेल तर होज आधी तपासावा. बाहेरून ठणठणीत दिसतो, आतून रबर सुजून बंद होत आलेला असतो. पायाच्या जोराने ऑइल आत जातं, परत यायला मात्र वाट मिळत नाही. ब्लीड निप्पल उघडल्याबरोबर चाक सुटलं आणि होजच्या आधीचा लोखंडी पाइप सैल करूनही सुटलं नव्हतं, तर दोष होजचाच.

ऑइल कोणतं घातलंय ते मास्टर सिलिंडरच्या झाकणाजवळ पक्क्या रंगात लिहावं. ग्लायकॉलचं डॉट 4 आणि सिलिकॉनचं डॉट 5 एकमेकांत मिसळत नाहीत. सिट्रोएनच्या हायड्रॉलिक गाड्यांत जुनं लाल ऑइल आणि नंतरचं हिरवं खनिज ऑइल यांची अदलाबदल झाली तर साऱ्या सिस्टिमचे सील जातात. शेजारी तारीखही घालावी, कारण डॉट 4 हवेतली ओल शोषतं आणि दर दोन वर्षांनी ते बदलावं लागतं.