पहिल्या मुलाखतीत मी आपटले

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत दिली आणि आपटले. इथे नाकारलेल्या उमेदवाराला कारण सांगायची पद्धत आहे. गव्हर्नरांच्या, म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन मंडळाच्या, अध्यक्षबाईंचा संध्याकाळी फोन आला. "प्रत्येक उत्तरात तुम्ही 'आम्ही, आम्ही' म्हणत होतात. तुम्ही स्वतः काय केलंत, ते कळलंच नाही."

फोन ठेवला आणि लगेच नाशिकला लावला. आई म्हणाली, "मग काय, चारचौघांत 'मी मी' करायचं?"

आई पंचवटीतल्या एका माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका होती. डी.एड.वर नोकरीला लागली. मग बी.ए., मग मुक्त विद्यापीठाचं बी.एड., आणि दिवाळीच्या सुट्टीत फराळ आजीवर टाकून संपर्क सत्रं. खुर्चीपर्यंत तिला नेलं ते ज्येष्ठता यादीनं. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांची १९८१ ची नियमावली आणि तिची ज्येष्ठता ठरवणारी 'अनुसूची फ' स्टाफरूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ असायची, अगदी गणिताच्या सरांनाही येत नसतील इतकी सूत्रं त्यावर मांडली जायची. तिचा नंबर लागला तेव्हा निवृत्तीला जेमतेम तीन वर्षं होती. आजही विचारलं तर सांगते, "काही नाही गं, यादीत नाव आलं."

यादीचं एक बरं असतं, स्वतःची जाहिरात करावी लागत नाही. पण अंगात दम असतो त्या वयात खुर्ची दुसऱ्याकडे असते, आणि आपल्याकडे येते तेव्हा गुडघे दुखायला लागलेले असतात.

आणि 'काही नाही' म्हणजे काय? २०१५ चा सिंहस्थ आठवा. २९ ऑगस्टला पहिली पर्वणी. शाळेच्या खोल्या बंदोबस्ताच्या पोलिसांना दिलेल्या, बाकं व्हरांड्यात रचलेली, आणि दहावीचा अभ्यासक्रम अर्धवट. आईनं दहावीचे जादा तास आमच्या आणि शेजारच्या जोशीकाकूंच्या ओट्यावर लावले. भूमितीचे सर आमच्याकडे, इंग्रजीच्या बाई तिकडे, मधल्या वेळात मुलांना पोहे. शिवाय पोलिसांसाठी पाण्याचा टँकर कुठून आला ते मी विचारलं नाही. हे सगळं सांगताना तीही म्हणते, "आम्ही केलं."

मी २००९ मध्ये इथे आले. नाशिकला सात वर्षं शिकवून आलेली, पण सुरुवात वर्गातली मदतनीस म्हणून. रंगाचे ब्रश धुणे, नाक पुसणे, कोट अडकवणे. पालकांमधल्या आज्या मला गुजराती समजून 'केम छो' विचारायच्या, मीही 'मजामा' म्हणायला शिकले. मग इथली शिक्षकाची पात्रता मिळवली, पुढे विशेष गरजा असलेल्या मुलांची जबाबदारी, मग उपमुख्याध्यापिका. इथे यादी नाही. प्रत्येक पायरीला नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि दर वेळी आपलीच आरती ओवाळायची.

दुसऱ्या शाळेची मुलाखत दोन दिवस चालली. तीनशे मुलांसमोर परिपाठ घ्यायचा, निकालांचे तक्ते वाचून काय बिघडलंय ते सांगायचं, गव्हर्नरांना सामोरं जायचं. सगळ्यात अवघड गेलं ते विद्यार्थी मंडळ. दहा-अकरा वर्षांची सहा मुलं, हातात प्रश्नांचे कागद. "तुम्ही शाळेत कुत्रा आणाल का?" मी खरं तेच सांगितलं, मला कुत्र्यांची भीती वाटते. एकानं ते लिहून घेतलं.

गव्हर्नरांसमोर मात्र तयारीनं गेले होते. वर्षभर गेटवरूनच रडत परत जाणाऱ्या मुलाबद्दल विचारलं, तेव्हा म्हणाले, "मी रोज सकाळी त्याच्या घरी चालत जायचे." 'मी' म्हणताना जीभ अडखळली. खरं तर निम्मे दिवस आमची एक मदतनीस जायची. तिचं नाव मी पुढच्या वाक्यात घेतलं, पण पहिल्या वाक्यात नाही. ते अजून टोचतं.

जागा मिळाली. आईला व्हिडिओवर शाळा दाखवली. तिचं लक्ष भलतीकडेच.

"शिपाई किती?"

"एकही नाही, आई. गेट सकाळी मीच उघडते, पावसातसुद्धा."

"अगं बाई! मग घंटा कोण देतं?"

"मी."